पिकवणाऱ्याचे नाव विचारणारा बाजार

शहरांत सध्या एक नवी हाक ऐकू येते. जवळचे खा, आपल्या जिल्ह्यातले खा, शेतकऱ्याकडून थेट घ्या. सोसायट्यांच्या आवारात शनिवार-रविवारी शेतकऱ्यांचे बाजार भरतात. बचत गटांच्या मालाची प्रदर्शने होतात. व्हॉट्सअॅपच्या गटांवर इंद्रायणी तांदूळ, घाण्याचे तेल आणि घरगुती मसाले विकले जातात. पुड्यावर शेतकऱ्याचा फोटो असतो, त्याचे आडनावासकट पूर्ण नाव असते, गाव असते. ग्राहकाला माल सहज सापडावा आणि तो कोणाचा आहे हे कळावे, म्हणजे विश्वास बसेल, असा त्यामागचा हिशेब आहे.

या हाकेला आमचा विरोध नाही. पिकवणारा आणि खाणारा यांच्यामधली साखळी जितकी लांब, तितका पिकवणाऱ्याच्या हाती कमी पैसा. पण मित्रांनो, 'हे कोणी पिकवले?' हा प्रश्न या देशात कधीच निरागस नव्हता. सवर्ण ग्राहकाला तो विश्वासाचा प्रश्न वाटतो. आमच्या आजा-पणज्यांना त्याच प्रश्नाने बाजाराबाहेर ठेवले. स्थानिक अन्नाची चळवळ उभी करणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ते तो सांगत नाहीत. म्हणून आम्हाला सांगावा लागतो.

सुरुवात बलुत्यापासून करू. गावगाड्यात महार हा धान्याचा विक्रेता नव्हता आणि खऱ्या अर्थाने ग्राहकही नव्हता. तो घेणारा होता. खळ्यावर हिस्सा, दारोदार मागितलेली भाकर, मेलेले जनावर. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबायचे आणि मोबदला गावाच्या मर्जीवर. पैसा हाती आला नाही म्हणजे निवड हाती आली नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्याचे एक कारण हेच. माणूस बलुत्यावर जगतो तोवर तो बाजारात समान म्हणून उभा राहू शकत नाही. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले.

मंगळवेढ्याची एक कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचे कोठार लोकांसाठी उघडले आणि त्या धान्याची किंमत विठू महाराच्या रूपात विठ्ठलाने बिदरला जाऊन भरली. कथेत धान्याचे पैसे महार भरतो, आणि सगळे गहिवरून हात जोडतात. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली चोखोबा गेले. परंपरेने ते साल १३३८ सांगतात. आज मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. पुड्यावर गावाचे नाव मानाने छापता येते. गावकुसाबाहेरच्या माणसाने पिकवलेली ज्वारीही त्याच नावाने विकली जाऊ शकते, हे आम्हाला या मानांकनात सर्वांत मोलाचे वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

आता महाडला येऊ. चवदार तळ्याचा इतिहास आपण पाण्याचा इतिहास म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो बाजाराचाही इतिहास आहे. महाड ही सावित्री नदीकाठची जुनी बाजारपेठ. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्या हजारोंना पाणी पाजण्यासाठी ४० रुपये मोजून ते विकत घ्यावे लागले. तळे भरलेले, आणि पाणी विकत. तळ्यावरून परतल्यावर सवर्णांच्या जमावाने हल्ला केला तो मंडपात जेवणावर बसलेल्या माणसांवरही. अन्न मातीत मिसळले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्याग्रह परिषद ठरली, तेव्हा महाडच्या व्यापाऱ्यांनी वेगळे हत्यार काढले. काही विकायचेच नाही. संयोजकांना सगळ्या मुक्कामाचा शिधा बाहेरून आणून साठवावा लागला. मंडपाला जागा मिळाली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची. म्हणजे दुकाने उघडी आहेत, तांदूळ-डाळीची पोती थप्पीला लागली आहेत, खरेदीदाराच्या हातात रोकडा पैसा आहे, आणि तरी सौदा होत नाही. अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात की व्यापाऱ्याला फक्त नफा कळतो. महाडच्या व्यापाऱ्याला नफ्याच्या आधी जात कळली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळली, तेव्हा त्या आगीभोवती जमलेली माणसे परगावाहून आणलेल्या शिध्यावर जेवत होती. ही गोष्ट भाषणांत क्वचितच येते, आम्हाला ती फार महत्त्वाची वाटते.

हे एकट्या महाराष्ट्राचे दुखणे नव्हते. त्रावणकोरात अय्यनकाळी यांनी १८९३ साली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्याचा हक्क बजावला, आणि १९१२ साली नेडुमंगाडच्या बाजारात आपल्या माणसांना घेऊन ते शिरले. मारामारी झाली, रक्त सांडले. तिथेही भांडण मंदिराचे नव्हते, बाजाराचे होते. राजस्थानातल्या चकवाड्याचा प्रसंग बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' या न झालेल्या भाषणात नोंदवला आहे. १९३६ साली तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने गावजेवण दिले आणि त्यात तूप वाढले. स्वतःच्या पैशाने घेतलेले तूप, स्वतःच्या माणसांच्या पानात. हिंदू लाठ्या घेऊन आले आणि पंगत उधळली. कोणते अन्न विकत घेऊन खायची कोणाची लायकी, हे गाव ठरवत होते.

मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० चा. त्यात बहिष्काराची पद्धत नीट मांडली आहे: अस्पृश्यांनी हक्काची भाषा केली की जमिनीवरून काढायचे, काम बंद करायचे, वाट अडवायची आणि गावातल्या वाण्याने जीवनावश्यक माल विकणे थांबवायचे. वाण्याचे दुकान हे गावाच्या पोलीस चौकीसारखे वापरले जाई. बाबासाहेबांनी हा उतारा गोलमेज परिषदेपुढे ठेवला आणि ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याच्या धर्तीवर बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. त्यांनी मांडलेल्या व्याख्येत व्यवहार नाकारणे, म्हणजे देणेघेणे तोडणे, हे स्पष्ट शब्दांत होते.

पुढे घटनेच्या कलम १५ (२) मध्ये दुकानांचा उल्लेख आला तो उगाच नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या शब्दावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी दुकान या शब्दाचा अर्थ ताणून मोठा केला. नुसते आत शिरणे नव्हे. पैसे घेऊन जी सेवा दिली जाते ती मागण्याचा हक्क. त्यात न्हावी आला, धोबी आला. त्याच महिन्याच्या ४ तारखेला त्यांनी खेड्याला स्थानिकतेचे डबके ठरवले होते. आजच्या 'लोकल'च्या कौतुकात हे वाक्य कोणालाच आठवत नाही. बाबासाहेबांना गावाजवळच्या अन्नाचे वावडे नव्हते. त्यांना त्या जवळिकीत कोण कोणाच्या मानेवर बसले आहे ते दिसत होते.

पण आमच्या मते इथेच एक फट राहिली, आणि ती कायद्याने बुजणारी नाही. कलम १५ (२) ने आपल्याला ग्राहक म्हणून उभे केले. दुकानदार आपल्याला नाही म्हणू शकत नाही. पण आपण दुकानदार झालो तर? आपण पाल मांडून भाजी विकायला बसलो, आणि समोरचा ग्राहक ढिगाकडे पाहून, मग आपल्याकडे पाहून पुढच्या पालाकडे गेला, तर त्याच्यावर कोणता खटला भरणार? अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा. गावाने ठरवून व्यवहार तोडला तर हे कायदे उपयोगी पडतात. मान फिरवून पुढे गेलेल्या एकेका ग्राहकापुढे ते काही करू शकत नाहीत.

ही शंका पुस्तकी नाही. घनश्याम शाह, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी केली आणि २००६ साली तिचे पुस्तक आले. दलितांना स्थानिक बाजारात माल विकू न देणे ३५ टक्क्यांहून थोड्या अधिक गावांत आढळले. सहकारी दूध संस्थेला दूध घालू न देणे जवळपास ४७ टक्के गावांत. दूध! ज्या सहकाराच्या जोरावर धवलक्रांतीची गाणी गायली गेली, त्या सहकाराच्या कॅनपाशी आमच्या म्हशीचे दूध बाटत होते. लक्षात घ्या, दुधाचा आकडा बाजारापेक्षा मोठा आहे. कारण बाजारात अनोळखी माणसेही येतात. गावातल्या डेअरीवर सगळे सगळ्यांना ओळखतात.

म्हणूनच शहराच्या मंडईविषयी आमच्या मनात थोडी ममता आहे. आडतीवर ढीग एकत्र होतो, वांग्याला आडनाव उरत नाही. आडत्या लुटतो हे खरे. पण घेणारा जात विचारत नाही, कारण विचारून उत्तर मिळणार नसते. जोतीराव फुले हे स्वतः व्यापारी, कंत्राटदार आणि मांजरीला शेती करणारे. बाजार त्यांना आतून माहीत होता. 'शेतकऱ्याचा असूड' हा १८८३ चा ग्रंथ; शहरात माल आणणाऱ्या कुणब्या-माळ्याची कशी नागवणूक होते, ते त्यांनी त्यात सोडले नाही. पुणे नगरपालिकेत असताना नव्या मंडईच्या भव्य इमारतीवर पैसा उधळायला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवा म्हणाले. इमारत झालीच, १८८६ साली, आणि तिला नाव मिळाले गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणू लागले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचेच नाव दिले. नाव देऊन विचार झाकायची आपल्याकडे जुनी सवय आहे. सुंदर छत उभारले म्हणजे बाजार न्यायाचा झाला, असे नाही.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू केले. शेतकरी थेट ग्राहकासमोर. चांगली गोष्ट. पण थेट ग्राहकासमोर कोण जाऊ शकतो? ज्याच्याकडे दर आठवड्याला टेम्पो भरेल इतका माल, पाण्याची सोय आणि शहरात ओळखपाळख आहे तो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत अनुसूचित जातींकडे देशातल्या सुमारे १२ टक्के वहिवाटी होत्या, आणि क्षेत्र मात्र ९ टक्क्यांच्या आत. लोकसंख्येत वाटा १६ टक्क्यांच्या वर. तुकडे लहान, बहुतेक कोरडवाहू.

हे तुकडेही कोणी दान दिलेले नाहीत. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भरलेले तुरुंग यांतून गायरानाचा आणि पडीक जमिनीचा प्रश्न सरकारच्या टेबलावर आला. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने सबलीकरण योजना आहे: भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. जमिनीसाठी आपली चळवळ तुरुंगात गेली. त्या जमिनीवर पिकलेली तूर कोणाला विकायची, यावर मात्र आपण एकही मोठा मोर्चा काढलेला नाही. आणि पिकवणारा दलित गावाला किती खुपतो, हे सांगायला खैरलांजी पुरेशी आहे. त्या घराकडे स्वतःची शेती होती.

आता नावाच्या प्रश्नाकडे. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यपदार्थ विक्रेत्यांना मालकाचे नाव ठळक लावायचे फर्मान निघाले. ग्राहकाला माहिती हवी, हाच युक्तिवाद. निशाणा मुख्यतः मुसलमान विक्रेत्यांवर होता. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि म्हटले की पदार्थ कोणता ते सांगायला लावा, नाव सांगायला लावू नका. आमचे म्हणणे असे की स्थानिक अन्नाच्या पुड्यावरही हेच तत्त्व असावे. गाव लिहा, वाण लिहा, कापणीचा महिना लिहा, फवारणी केली की नाही ते लिहा, आणि ग्राहकाने दिलेल्या रुपयातले शेतकऱ्याला किती मिळाले तेही लिहा. ग्राहकाला माल शोधायला आणि पारखायला एवढे पुरेसे आहे. आडनावाने तुरीची चव बदलत नाही. ज्याला स्वतःचे नाव घालायचे त्याने खुशाल घालावे. सक्ती नको, आणि नावाशिवायच्या मालाला कमी लेखणे नको. मंगळवेढ्याच्या मानांकनाबद्दल आम्ही वर जे म्हटले ते यासाठी. गावाचे नाव सगळ्यांचे असते.

याच्या नेमकी उलट वाटही एका माणसाने चोखाळली. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली 'दलित फूड्स' या उघड नावाने मसाले, लोणची विकायला काढली. दलिताचा हात लागलेले अन्न घेणार का, असे त्यांनी बाजारालाच विचारले. धाडसाला सलाम. भांडवलशाही जात मोडेल या त्यांच्या विश्वासात मात्र आम्ही सहभागी नाही. शहरी, इंग्रजी वाचणाऱ्या ग्राहकाने एक बरणी घेणे वेगळे, आणि रोजचे दूध, रोजची भाकरीची ज्वारी आपल्या हातची घेणे वेगळे. शाळेच्या खिचडीवरून ते दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या असे सांगितले. तरी उत्तराखंडातल्या सुखीढांगला डिसेंबर २०२१ मध्ये दलित भोजनमातेच्या हातचे सवर्ण मुलांनी नाकारले आणि तिलाच काढण्यात आले. गाजावाजा झाल्यावर परत घेतले. मुलांना हे शाळेत शिकवले नव्हते.

मग ग्राहकाचे मन बदलेपर्यंत थांबायचे? बाबासाहेब थांबले नाहीत. आम्हाला दोन दारे दिसतात, आणि दोन्ही आपल्या हाताच्या अंतरावर आहेत.

पहिले दार सरकारी खरेदीचे. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के भाग कौटुंबिक शेतीतून खरेदी करण्याची सक्ती केली, आणि त्यात भूमी-सुधारणेत जमीन मिळालेल्या वस्त्या, आदिवासी आणि पळून मुक्त झालेल्या गुलामांच्या वंशजांच्या वस्त्या यांना प्राधान्य दिले. आपल्याकडे केंद्राच्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के ठेवले आहेत, पण त्यात खिचडीचा तांदूळ कोणी मोजत नाही. महाराष्ट्रात सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहे आणि निवासी शाळा आहेत. तिथे जेवणारी मुले आपली. ज्या विभागाने सबलीकरण योजनेत जमीन दिली, तोच विभाग या मुलांच्या जेवणाची निविदा काढतो. एका टेबलावरून जमीन दिली जाते, शेजारच्या टेबलावरून डाळ ठेकेदाराकडून घेतली जाते. ही दोन टेबले जोडा, एवढी मागणी घेऊन विद्यार्थी संघटनांनी समाज कल्याण कार्यालयात जायला काय हरकत आहे? वसतिगृहाच्या मेसबद्दल आपण तक्रारी पुष्कळ केल्या. निविदेच्या अटी मागवून वाचल्या नाहीत.

दुसरे दार आपलेच. पण त्याआधी एक पोटप्रश्न: स्थानिक अन्न म्हणजे काय, हे कोण ठरवते? प्रदर्शनांत थालिपीठाची भाजणी, मेतकूट, कोकम, पुरणपोळी हे 'आपले अन्न'. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ नोंदवले. उन्हात वाळवलेल्या चान्या, रक्ताचे, आतड्याचे पदार्थ, रानभाज्या, येसर. त्याच वर्षी राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी लागू झाली आणि यातला मोठा भाग गुन्ह्याच्या कक्षेत गेला. जे उरले आहे, येसर, जवसाची-कारळाची चटणी, अंबाडी, तांदुळजा, ते तरी आपण कमीपणा न वाटून घेता विकायला मांडावे.

मांडायचे कुठे? ६ डिसेंबरला दादरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला, १ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखो माणसे जमतात. या गर्दीने मराठी पुस्तकविक्रीला जो आधार दिला आहे तो कोणत्याही साहित्य संमेलनाने दिलेला नाही. घरी परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत ग्रंथ असतात, पंचशील ध्वज असतो, दिनदर्शिका असते. त्याच पिशवीत दोन किलो तूरडाळ का नसावी? इथे ग्राहक आडनाव विचारून मान फिरवणार नाही. शिवाजी पार्कवर अन्नदानाच्या रांगा लागतात, त्या चालू राहोत. पण आपल्या लोकांची ओळख फुकट अन्न घेणारे एवढीच राहिली, तर बलुत्याची सावली पुरती सरलेली नाही.

काम किचकट आहे. सबलीकरण योजनेतल्या लाभार्थी शेतकऱ्यांची तालुकावार यादी माहिती अधिकारात मागवावी लागेल. डाळ एका गिरणीवर, एका प्रतीची करावी लागेल. ओल राहिलेली तूर पुड्यात भरली तर पुढच्या वर्षी कोणी उभे राहणार नाही. अन्न परवाना विभागाची नोंदणी, वजनकाटा, पावती हे सगळे लागेल. भाव बाजारापेक्षा फार वर नेऊन चालणार नाही, कारण घेणारा लोकलच्या उभ्या डब्यातून आलेला कामगार आहे. बौद्ध विहारे महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर दोन तास अंगण देऊ शकतात. गावाकडचा शेतकरी आणि वस्तीतले घर यांचा सौदा तिथे आधी मागणी नोंदवून ठरू शकतो, म्हणजे माल पडून राहणार नाही. तूर जानेवारीच्या आसपास काढणीला येते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची वर्गणी गोळा करायला आपण निघतो, तेव्हा डाळ तयार असते.